दिव्यांग कायद्याच्या कलम २२ आणि २३ च्या नोंदवह्या कुणी प्रत्यक्ष पाहिल्यात का?

चाकावरची_वारी (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:१०

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र) कसं काढायचं, एसटीत सवलत किती, टक्के कमी लागले तर अपील कुठे, यावर इथे चांगले धागे आधीच आहेत. हा धागा त्यांच्या उलट बाजूचा. आपली नोंद सरकारकडे असते हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्यासाठी काय केलं याची नोंद कार्यालयांनीही ठेवायची असते. ती कुणी पाहिली आहे का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्यातली अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांची यादी, नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के, एवढं सगळ्यांना पाठ असतं. कलम २२ आणि २३ कुणी वाचत नाही. २२ म्हणतं की प्रत्येक आस्थापनेने आपल्याकडे नोकरीला असलेल्या दिव्यांगांची आणि त्यांना दिलेल्या सोयींची नोंद ठेवायची. २३ म्हणतं की प्रत्येक सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. दोन आठवडे! आमच्याकडे आवक क्रमांक पडायलाच तेवढे जातात.

त्यात कलम ४५ जोडा. नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायच्या होत्या. नियम निघाले १५ जून २०१७ ला, म्हणजे मुदत संपली जून २०२२ ला. मी व्हीलचेअरवर आहे आणि तालुक्याच्या गावी राहते. इथल्या एका कार्यालयात या तिन्ही गोष्टींबद्दल माहिती अधिकारात विचारलं. उत्तर आलं, 'माहिती निरंक समजावी', म्हणजे काहीच नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, प्रत्यक्ष येऊन अभिलेख पाहा. अभिलेख कक्ष वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. कुणाकडे अशा नोंदवहीची प्रत आहे का? आणि 'येऊन पाहा' म्हणणाऱ्याला कायद्याच्या कुठल्या कलमाने उत्तर द्यायचं?

---

तिरकस_तात्या | सोमवार, रात्री ९:३२

नोंदवही ठेवायची असं कायद्यात लिहिलंय ही नोंद आम्ही घेतली आहे. पुढील कार्यवाही यथावकाश.

---

गावगाडा_निवृत्त | सोमवार, रात्री १०:०५

ताई, मी ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कलम २३ ची नोंदवही मी ठेवली नाही आणि शेजारच्या गावातही पाहिली नाही. पण दिव्यांगांची एक फाईल मात्र प्रत्येक ग्रामपंचायतीत असते, ती ५ टक्के निधीची. स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. आधी ३ टक्के होती.

ही फाईल मागवा, कारण ती असतेच. लेखापरीक्षणात सापडेल म्हणून असते. आत काय असतं ते सांगतो. समजा गावाचं स्वउत्पन्न, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर, मिळून चार लाख. पाच टक्के म्हणजे वीस हजार. गावात तीस नावं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सरपंच म्हणतात, वाटून टाका. माणशी सहाशे सहासष्ट रुपये. खर्च दिसला, फोटो काढला, फाईल बंद.

त्याच वीस हजारात कार्यालयाच्या दाराला उतार आणि बाजूला कठडा झाला असता. एका मासिक सभेत मी तसं मांडलं होतं. एका सदस्याने विचारलं, "वर येणारं आहे कोण?" येता येत नाही म्हणून कुणी येत नाही, आणि कुणी येत नाही म्हणून उतार होत नाही. मलाही तेव्हा मतांचं गणित कळत होतं. सहाशे रुपये तीस घरांत पोचतात, उतार कुणाच्याच घरात पोचत नाही.

दुसरं, ती तीस नावं आली कुठून? ज्याचं प्रमाणपत्र आहे आणि ज्याच्या घरच्यांनी ते आणून दिलं, तो यादीत. मानसिक आजाराचं माणूस त्या यादीत जवळपास कधीच नसतं. घरचेच नाव देत नाहीत.

---

बोलका_पडदा | सोमवार, रात्री ११:२०

मी पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरीला. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देतो.

माहिती अधिकार कायदा २००५, कलम ७(४). मागणारा ज्ञानेंद्रियांच्या दृष्टीने विकलांग असेल तर जन माहिती अधिकाऱ्याने माहिती मिळवायला, आणि अभिलेख पाहायलासुद्धा, मदत करायची आहे. शिवाय कलम ६(१) मध्ये, ज्याला लेखी अर्ज करता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला मदत करायची तरतूद आहे. ही कलमं मी वापरली आहेत. पहिल्यांदा ऐकल्यावर समोरचा गप्प होतो, मग साहेबांना विचारून येतो, आणि मग बहुतेक वेळा करतो.

पण ताई, नीट पाहा. ७(४) फक्त ज्ञानेंद्रियांबद्दल आहे, म्हणजे मी किंवा कर्णबधिर माणूस. व्हीलचेअरवरचा माणूस त्यात बसत नाही. २००५ साली कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जिना आला नसावा. तुम्हाला २०१६ च्या कायद्याचं कलम ३(५) धरावं लागेल. वाजवी समायोजन, म्हणजे दिव्यांग माणसाच्या गरजेप्रमाणे फार बोजा न पडता करता येईल असा बदल, करून देण्याची जबाबदारी त्यात आहे. 'अभिलेख तळमजल्यावर आणून दाखवा' ही मागणी त्या कलमात सरळ बसते. दोन-चार फायली खाली आणायला खर्च येत नाही, त्यामुळे 'अवाजवी बोजा' असंही कुणाला म्हणता येणार नाही.

आता माझं रडगाणं. नोंद हातात आली तरी ती वाचता येईलच असं नाही. उत्तर येतं ते छापून, सही-शिक्क्यासह, मग स्कॅन करून पीडीएफ. म्हणजे ते चित्रच. एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा माझा प्रोग्रॅम, त्यावर 'रिकामं पान' म्हणून मोकळा होतो. मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं तंत्र, पूर्वीपेक्षा खूप सुधारलं आहे, पण तक्त्यातले आकडे शिक्क्याखाली गेले की 'तीन लाख' आहे की 'आठ लाख' कळत नाही. जुन्या फायलींचा छळ वेगळाच. त्या युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. डोळ्यांना छान मराठी दिसते, माझ्या कानात मात्र इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची रांग येते. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. तरी कॅप्चा आजही चित्रातच.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. डोळे मिचकावून दाखवा म्हणणारी केवायसी त्याच प्रकरणात होती. ज्याला पापणी हलवता येत नाही त्याने काय करायचं, असा साधा प्रश्न होता. अर्जात या निकालाचा उल्लेख करा आणि उत्तर मजकुराच्या स्वरूपात ईमेलने मागा.

---

चाकावरची_वारी | मंगळवार, सकाळी ७:४५

बोलका_पडदा, ३(५) बद्दल मनापासून आभार. मी ७(४) च लिहिणार होते.

गावगाडा काका, 'वर येणारं आहे कोण' हे वाक्य मला कुठल्याही निकालापेक्षा जास्त लागू पडलं.

---

तिरकस_तात्या | मंगळवार, सकाळी ९:०२

विनोद बाजूला ठेवून विचारतो. २०२४ मध्ये त्या प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण गाजलं. नंतर जिल्हा परिषदांमध्ये कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. बदलीतून सुटायला प्रमाणपत्र काढणारे शिक्षक मी स्वतः ओळखतो. आधी नोंदी स्वच्छ करा, मग सोयी मागा, असं सामान्य माणसाला वाटलं तर चुकलं कुठे?

---

बुधवारची_ओपीडी | मंगळवार, दुपारी १:३०

मी शासकीय रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळावर बसते. तात्या, बोगस प्रमाणपत्रं आहेत, आम्हालाही दबाव येतो, नाकारत नाही. त्यासाठी कलम ९१ आहे. खोटेपणाने लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ते वापरा. पण टक्के कसे निघतात हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, आणि संशयाचा मोठा भाग त्यातून येतो.

४ जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत प्रत्येक प्रकाराची मोजमापं दिली. दोन प्रकारचं अपंगत्व असेल तर बेरीज करत नाहीत. सूत्र असं: मोठा आकडा अधिक लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा) भागिले ९०. म्हणजे पायाचं ४० आणि कानाचं ३० असेल तर ७० होत नाही, साधारण ५७ होतं. पेशंट बाहेर जाऊन म्हणतो, डॉक्टरने तेरा टक्के खाल्ले.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के. चाळीसच्या खाली, म्हणजे आरक्षण नाही. कार्ड मिळतं, पांढरं. ४० ते ८० च्या खाली पिवळं, ८० आणि वर निळं. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखाली असणं ही अट, आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. सत्तर टक्केवाला पोलिओचा माणूस, ज्याला जिना चढता येत नाही, तो त्यात नाही.

तुमच्या धाग्याचा मुद्दा आमच्या फॉर्ममध्येच आहे. मी सांध्याची हालचाल अंशात मोजते, स्नायूची ताकद ० ते ५ मध्ये लिहिते. त्या बाईला शेतावर जायचंय की शाळेत शिकवायचंय, वाटेत ओढा आहे की पायऱ्या, याला फॉर्ममध्ये रकाना नाही. ओमकार गोंड प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. मुलगा महाराष्ट्रातला, बोलण्यातलं अपंगत्व चाळीसच्या थोडं वर, तेवढ्यावरून एमबीबीएसला नको म्हटलं होतं. न्यायालय म्हणालं, नुसत्या आकड्यावर बाद करू नका, त्याला अभ्यासक्रम पूर्ण करता येईल का ते मंडळाने पाहावं. त्याच्या उलट टोकाला विकास कुमार, फेब्रुवारी २०२१. लेखनिक मिळायला चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही.

ऑक्टोबर २०२४ च्या नियमदुरुस्तीत आम्हाला प्रमाणपत्र द्यायची मुदत एका महिन्याची तीन महिने झाली. आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशीच येतात, त्यामुळे मला वैयक्तिकरित्या हायसं वाटलं. रांगेतल्यांना वाटलं नसणार.

---

तिरकस_तात्या | मंगळवार, दुपारी २:१५

डॉक्टरीणबाई, सूत्र पहिल्यांदा कळलं. मुद्दा तरीही उरतो, पण थोडा लहान झाला.

---

चाकावरची_वारी | मंगळवार, दुपारी ४:४०

तात्या, तो उरलेला मुद्दा मी घेते. माणसांची पडताळणी एकदा होते, दोनदा होते, जुनी प्रमाणपत्रं राज्याच्या एसएडीएम या जुन्या संगणक प्रणालीतून केंद्राच्या पोर्टलवर नेताना पुन्हा होते. चालेल, करा. इमारतींची पडताळणी कोण करतं? कलम ४४ म्हणतं, सुगम्यतेच्या मानकांशिवाय आराखड्याला मंजुरी नाही आणि बांधकाम पूर्णत्वाचा दाखलाही नाही. दाखले तर रोज निघतात. बोगस म्हणायचं तर ते दाखलेही बोगसच, आणि त्यावर सह्या अधिकाऱ्यांच्या आहेत.

८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला नियम १५ च कायद्याशी विसंगत ठरवला. कारण कायदा 'करावंच लागेल' म्हणत होता आणि नियम 'करता आलं तर करा' अशा मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवत होता. सक्तीची मानकं तीन महिन्यांत वेगळी काढा असा आदेश झाला. सात वर्षं सगळी कार्यालयं त्या ढिल्या नियमावर निवांत होती.

---

जुनी_पानं | मंगळवार, रात्री ९:५०

नोंदीचाच धागा आहे तर थोडं मागे जातो. लांबण लागेल, कंटाळलात तर पुढे सरका.

१८७२ ची पहिली खानेसुमारी घ्या. तेव्हापासून १९३१ पर्यंत इंग्रज सरकार दर वेळी 'व्यंगं' मोजत होतं: वेडे, बहिरे-मुके, आंधळे, महारोगी. हेतू पुनर्वसनाचा नव्हता. १८९८ च्या महारोगी कायद्याखाली निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबता येत असे, आणि तो कायदा पुस्तकातून गेला २०१६ मध्ये! तेव्हा लोक नोंद लपवत असतील तर त्यांना अडाणी म्हणायला मी तयार नाही. गावगाडा म्हणतात तशी घरचे आजही नाव देत नाहीत, त्याची मुळं तिथवर जातात.

१९४१ मध्ये प्रश्नच काढून टाकला. स्वातंत्र्यानंतर १९५१, ६१, ७१ मध्येही नाही. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष, म्हणून पुन्हा विचारलं, पण फक्त पूर्ण अंध, पूर्ण पांगळे, पूर्ण मुके. आकडा आला सुमारे ११ लाख. देशभरात! १९९१ मध्ये पुन्हा गायब. २००१ मध्ये परत आला तो जावेद अबिदी आणि दिल्लीतल्या इतर कार्यकर्त्यांनी रान उठवलं म्हणून. तेव्हा आकडा २.१९ कोटी. ११ लाखांवरून दोन कोटींवर, वीस वर्षांत, कारण विचारण्याची पद्धत बदलली. २०११ मध्ये २.६८ कोटी, लोकसंख्येच्या २.२१ टक्के, त्यात महाराष्ट्र २९.६३ लाख.

जागतिक आरोग्य संघटना जगात १६ टक्के लोक म्हणते. आपल्याकडचे लोक सात पटींनी धडधाकट आहेत असं समजायचं का? २०११ ला प्रगणकाच्या हातात आठ पर्याय होते, कायद्यात आता एकवीस प्रकार आहेत. थॅलेसेमिया, पार्किन्सन्स, अ‍ॅसिड हल्ल्यातले पीडित, अध्ययन अक्षमता, यांना त्या आठात स्वतःचं घर नव्हतं. आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ च्या ७६ व्या फेरीत दिव्यांगांपैकी २८.८ टक्के लोकांकडेच प्रमाणपत्र निघालं. म्हणजे यूडीआयडीच्या यादीला 'दिव्यांगांची यादी' म्हणणं म्हणजे पासपोर्टवाल्यांना नागरिक म्हणण्यासारखं.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या आजीची न दिसणारी दृष्टी 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका, एवढं सगळ्यांनी करा.

---

नाशिककर_आई | मंगळवार, रात्री ११:१५

फार शिकलेली नाही, पण वाचत होते. माझा मुलगा जन्मतः कर्णबधिर, आता बावीस वर्षांचा. सगळीकडे 'अधिक माहितीसाठी हेल्पलाइनवर फोन करा'. त्याच्या अर्जात मोबाइल नंबर माझा द्यावा लागतो. त्याची सगळी सरकारी नोंद माझ्या फोनवर आहे. मी नसले तर?

एकदा पडताळणीचा फोन आला. मी म्हटलं, मुलाला ऐकू येत नाही, मी बोलते. समोरची मुलगी म्हणाली, लाभार्थ्याशीच बोलायचं आहे. मी म्हटलं, बाई, त्याच कारणासाठी तर लाभार्थी आहे. तिलाही हसू आलं, पण नोंद काय केली देव जाणे. 'संपर्क होऊ शकला नाही' असंच केलं असेल.

त्याला खुणांची भाषा येते, मलाही शिकावी लागली. बांद्र्याला अलीयावर जंग संस्था आहे, तिथल्या लोकांनी आम्हाला खूप शिकवलं. पण तहसीलमध्ये दुभाषा मागितला तर मलाच म्हणतात, तुम्हीच सांगा की. आईने दुभाषा व्हायचं म्हणजे मुलाच्या मनातलं आईसमोरच सांगायचं. बावीस वर्षांच्या पोराला हे कसं चालेल?

---

बुधवारची_ओपीडी | बुधवार, सकाळी ८:१०

नाशिककर ताई, हे लेखी द्या, अगदी याच शब्दांत. कलम २३ च्या नोंदवहीत जायला यापेक्षा योग्य तक्रार नाही. पोर्टलवर त्याचाच नंबर टाका, संदेश वाचता येतो ना त्याला. आणि अर्जात लिहा की संपर्क फक्त संदेशाने किंवा व्हिडिओ कॉलने करावा.

---

पणजेचो_पात्रांव | बुधवार, सकाळी १०:३०

गोव्यातून. आमच्याकडे जानेवारी २०२३ पासून दिव्यांगांचा पर्पल फेस्ट होतो, देशभरातून लोक येतात, त्या दिवसांत मांडवीकाठी उतार, दुभाषे, ब्रेल, सगळं असतं. खरंच चांगलं असतं, कुचकेपणाने म्हणत नाही. फक्त माझ्या आतेभावाला पंचायतीत दाखला आणायला अजून उचलून नेतो आम्ही. उत्सवासाठी जे जमतं ते कचेरीसाठी का जमू नये, एवढाच प्रश्न.

---

गावगाडा_निवृत्त | बुधवार, दुपारी १२:२०

पात्रांव, मुंबईत २०२३ मध्ये व्हीलचेअरवरच्या नवरीला लग्न नोंदवायला दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं होतं, पेपरात आलं होतं. लिफ्ट नाही आणि अधिकारी खाली यायला तयार नाहीत. तेव्हा गोवा-महाराष्ट्र भाऊभाऊच.

निवडणुकीच्या नोंदीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. मतदार यादीत दिव्यांग अशी खूण करून घेता येते, नमुना ८ भरून. बीएलओकडे (मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे) त्यावरून केंद्रनिहाय आकडा जातो आणि व्हीलचेअर, उतार, स्वयंसेवक त्या आकड्यावर ठरतात. चाळीस टक्के आणि वर असेल तर घरून मतदानासाठी नमुना १२-ड. मतदानाच्या दिवशी शाळेच्या पायऱ्यांवर फळ्या टाकून उतार केलेला मी पाहिला आहे, दुसऱ्या दिवशी फळ्या परत. म्हणजे उतार करता येतो हे त्या शाळेला माहीत आहे.

---

जुनी_पानं | बुधवार, दुपारी १:०५

मत देण्याच्या पुढची पायरी निवडून येण्याची. २००८ मध्ये धीरेंद्र पांडुआ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या नगरपालिका कायद्यातली, कुष्ठरोगी माणसाला नगरसेवकपदाला अपात्र ठरवणारी तरतूद कायम ठेवली होती. उलट तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत दिव्यांग सदस्य नामनिर्देशित करायची विधेयकं मंजूर केली. 'वर येणारं आहे कोण' विचारणाऱ्या सभेत असा एक सदस्य बसला असता तर गावगाडांचा उतार झाला असता.

---

तिरकस_तात्या | बुधवार, दुपारी ३:३०

महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ ला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. त्या विभागालाच विचारा की राज्यातल्या किती कार्यालयांत कलम २३ चा अधिकारी आहे. एका अर्जात सगळं बाहेर येईल. बघा, मीही लाइनीवर आलो.

---

चाकावरची_वारी | बुधवार, रात्री ८:५५

तात्या, स्वागत. पण एका अर्जात सगळं येत नाही. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. म्हणून मी मसुदा बेतून लिहिला आहे. जोडपत्र अ (अर्जाचा नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा राज्याच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइन. उचला आणि आपापल्या नगरपालिकेत, पंचायत समितीत, महाविद्यालयात टाका:

'विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ अन्वये आपल्या कार्यालयाने ठेवलेले अभिलेख. कालावधी: १ एप्रिल २०२२ ते अर्जाचा दिनांक. (१) कलम २२ अन्वये ठेवलेल्या नोंदींच्या प्रती, व्यक्तींची नावे वगळून. (२) कलम २३ अन्वये तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नियुक्तीचा आदेश व तक्रार नोंदवहीच्या प्रती, तक्रारदारांची नावे वगळून. (३) कार्यालयाच्या इमारतीच्या ॲक्सेस ऑडिटचा (सुगम्यता तपासणीचा) अहवाल. (४) वरीलपैकी जो अभिलेख अस्तित्वात नाही, तो नाही असे मुद्दानिहाय लेखी कळवावे. अभिलेख पाहण्यास बोलावल्यास ते तळमजल्यावर उपलब्ध करावेत, कलम ३(५).'

नावं वगळा हे मुद्दाम लिहिलं आहे. एक तर कुणाच्या आजाराची यादी गावभर फिरायला नको. लाभार्थ्यांच्या याद्या नावगाव-टक्क्यांसह भिंतीवर लावलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यात मनोरुग्ण असाही रकाना होता. दुसरं, नावं मागितली की माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ), म्हणजे खाजगी माहितीचं, दाखवून अख्खा अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम अजून घट्ट केलं आहे.

'का' ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका. कागद मागा. मुद्दा (४) सगळ्यात कामाचा. 'निरंक' एकदा सहीनिशी हातात आलं की तोच तुमचा पुरावा. तो जोडून पुण्याला दिव्यांगांच्या राज्य आयुक्तांकडे २०१६ च्या कायद्याच्या कलम ८० खाली तक्रार करायची. आयुक्तांनी शिफारस केली की कलम ८१ प्रमाणे त्या कार्यालयाने कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवायचं असतं.

आणखी एक: २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात, अर्ज न करता. ज्यांना जिना चढता येतो त्यांनी एखाद्या सोमवारी आमच्या वतीने जाऊन ५ टक्के निधीची फाईल पाहून या.

---

बोलका_पडदा | बुधवार, रात्री ९:२०

मसुद्यात 'माहिती युनिकोड मजकुराच्या स्वरूपात ईमेलने द्यावी' एवढी ओळ घाला. शब्द मोजले, बसतात.

---

गावगाडा_निवृत्त | बुधवार, रात्री ९:४५

सोमवारी मी जातो. मला ओळखतात, चहा पण पाजतील. फाईल कुठल्या कपाटात आहे तेही माहीत आहे.

---

खिडकीपाशी | गुरुवार, सकाळी ६:५०

नेहमीची वाचक, पहिल्यांदा लिहितेय. मी खाजगी कंपनीत आहे, हाताला अपंगत्व, पिवळं कार्ड. हे सगळं सरकारी कार्यालयांबद्दल आहे ना? आम्हाला यातलं काही लागू होतं का?

---

चाकावरची_वारी | गुरुवार, सकाळी ८:३०

होतं. कलम २३ फक्त सरकारी आस्थापनांना आहे. पण २१ आणि २२ 'प्रत्येक आस्थापने'ला आहेत, आणि आस्थापनेच्या व्याख्येत खाजगीही येते. कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण तयार करून त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची असते. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात काय काय हवं ते नियमांत दिलं आहे, संपर्क अधिकारीही नेमायचा आहे.

कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, पण आयुक्त कार्यालयाला आहे. तुमच्या कंपनीने धोरण नोंदवलं आहे का, असल्यास प्रत, हे आयुक्तांकडे मागा. तुमचं नाव कंपनीपर्यंत जायला नको असेल तर अर्ज घरच्या कुणाच्या नावाने करा.